मागच्या बाकावरचे टिपणीस सर

टिपणीस सरांचं सगळं आयुष्य शिकवण्यात गेलं, असं ते स्वतःच येता-जाता सांगत. कुणाच्या शिकवण्यात गेलं, हे मात्र सांगत नसत. ते आम्ही सांगायचो, कॅन्टीनमध्ये, आवाज खाली करून.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ते भूगोलाचे विभागप्रमुख आणि पीएचडीचे मार्गदर्शक. मी त्यांच्याकडे नाव नोंदवलं त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "साळवी, संशोधक म्हणजे हापूस आंबा. झाडावरून उतरवला म्हणजे झालं नाही. त्याला ऊब लागते. ती ऊब वर्गात मिळते. शिकवल्याशिवाय संशोधक पिकत नाही."

मी भांडुपची. गावाहून दर उन्हाळ्यात पेट्या यायच्या आणि त्या कॉटखाली गपचूप पिकायच्या, कुणाला काही शिकवायच्या नाहीत. पण पहिल्याच दिवशी गाइडला आंब्यातलं कोण सांगणार? मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाचं एक लेक्चर माझ्या गळ्यात पडलं.

आता पीएचडी करणाऱ्याने थोडंफार शिकवावं, वर्गासमोर उभं राहायची सवय करावी, ही कल्पना काही वाईट नाही. वाईट काय, उत्तमच आहे. सरांनी ती फक्त जरा जास्तच मनावर घेतली होती. आपल्या वाट्याचं एकूण एक लेक्चर त्यांनी आमच्या अनुभवासाठी सोडून दिलं होतं. वेळापत्रकावर नाव 'प्रा. टिपणीस', आणि फळ्यापाशी आमच्यातलं कुणीतरी. असा त्याग मी दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकाचा पाहिलेला नाही.

सर वर्गात येत नसत असं मात्र कुणी म्हणू नये. यायचे. तास सुरू झाला की मागच्या दाराने आत शिरायचे. काखेत निळ्या चौकड्यांची एक उशी असायची. ती शेवटच्या बाकावर टाकायची, दोनदा थोपटायची, वर बसायचं आणि डोळे मिटायचे. याला ते 'निरीक्षण' म्हणत. "डोळे उघडे असले की आपण माणूस बघतो. मिटले की आशय कळतो," असं त्यांनी मला समजावलं होतं. कधीकधी आशय इतका खोल कळायचा की शेजारच्या बाकावरची मुलं तोंड दाबून हसायची.

माझं पहिलं लेक्चर मला आठवतं. विषय होता नदीचं खोरं. आदल्या दिवशी आरशासमोर उभी राहून तीनतीनदा बोलून पाहिलं होतं. तरी वर्गात तापीला मी पूर्वेकडे पाठवलं आणि पुढच्या बाकावरच्या मुलीनेच तिला परत फिरवलं. तास संपल्यावर मी सरांपुढे गुन्हेगारासारखी उभी राहिले.

सर म्हणाले, "छान."

मी पुढचं लिहून घ्यायला वही उघडली.

"फक्त फळा आडवा पुसलास."

"हो सर."

"फळा नेहमी वरून खाली पुसायचा. सरळ. म्हणजे धूळ खालच्या पट्टीत पडते. आडवा पुसलास की सगळी पुढच्या बाकाच्या नाकात. आणि खडू लिहायच्या आधी मोडून घ्यायचा. अख्खा खडू किंचाळतो."

"आणि विषयाचं, सर? कसं झालं?"

"विषयाचं काय? विषय पुस्तकात असतोच."

एवढंच. आमचं सगळं प्रशिक्षण एवढंच. पुढे मी किती लेक्चरं घेतली, पण सरांनी 'छान' आणि फळा यापलीकडे एक अक्षर सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, फळ्याचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी आजही फळा वरून खालीच पुसते आणि दर वेळी मला त्यांचा राग येतो.

फळ्यावर त्यांचा जीव होता. कॉलेजने सगळ्या वर्गांत पडदे आणि प्रोजेक्टर बसवले तेव्हा सरांनी भांडून भूगोलाच्या वर्गातला फळा वाचवला. त्यानंतर रोज सकाळी आम्हा सगळ्यांना व्हॉट्सॲपवर उगवत्या सूर्याच्या चित्राखाली त्यांचा एकेक विचार यायचा. 'पडद्यावर ज्ञान दिसते, फळ्यावर ते घडते.' खाली स्वतःचंच नाव. आम्ही सगळे मुकाट्याने हात जोडल्याची खूण पाठवायचो. पीएचडी व्हायची होती ना!

आमच्यात सगळ्यात जुना होता सावंत. घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवर, सगळ्यात वरच्या गल्लीत त्याचं घर. वडील गिरणीतून बाहेर पडले ते शेवटपर्यंत वॉचमन, आई घरगुती डबे करायची. हा मुलगा अंगाने काटकुळा, आवाजाने मऊ, पण वर्गात उभा राहिला की बघत राहावं. मी सरळच सांगते, मला त्याचा हेवा वाटायचा.

समोच्चरेषा नावाचा एक प्रकार नकाशात असतो. सारख्या उंचीवरच्या जागा जोडणारी रेघ. पुस्तकातली व्याख्या वाचून अर्धा वर्ग जांभया देतो. सावंतने फळ्यावर त्यांच्या टेकडीवरची चाळ काढली. म्हणाला, "आमच्याकडे पाणी खालून वर चढतं. खालच्या गल्लीला आधी, मग मधल्या, मग आमच्या. आता ज्या ज्या घरांत पाणी एकाच वेळी पोचतं, ती सगळी घरं एका रेघेने जोडा. झाली समोच्चरेषा. आणि दोन रेघा फार जवळ आल्या, की समजायचं, हंडा घेऊन चढताना वाट लागणार." वर्ग असा हसला, आणि असा काही गप्प बसून लिहायला लागला, की शेवटच्या बाकावर सरांना जाग आली.

पहिल्या वर्षाचे बहुतेक तास त्याच्याकडेच असायचे आणि मुलांचा तर तो देव होता. आणि मुलं त्याला 'टिपणीस सर' म्हणायची.

म्हणजे टिंगल म्हणून नव्हे हां, मनापासून! पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरांना काय माहीत? वेळापत्रकावर टिपणीस लिहिलंय, समोर हा उभा आहे, म्हणजे हाच टिपणीस. सावंतने सुरुवातीला दोन-चारदा दुरुस्त करून पाहिलं. मग एकदा सरच त्याला म्हणाले, "असू दे रे. वेळापत्रकात गोंधळ नको." तेव्हापासून तो त्या नावाला ओ द्यायला लागला. मग खरे टिपणीस सर कोण? तर मुलांच्या लेखी ते 'मागचे काका' होते. कुणी म्हणायचं ऑफिसातले आहेत, पंख्याखाली बसायला येतात. एका मुलीची पक्की समजूत होती, की ते सावंतचे वडील आहेत आणि मुलाचं कौतुक ऐकायला येतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग बोरिवलीच्या एका कॉलेजात भूगोलाची कायमची जागा निघाली.

सावंतचा प्रबंध सादर झाला होता. जागा त्याच्यासाठीच मापून शिवल्यासारखी होती. अट एकच, शिकवण्याचा अनुभव हवा, आणि तसं विभागप्रमुखाने लिहून द्यायला हवं. सावंत म्हणाला, "एवढंच ना? मग काय टेन्शन नाय." त्याच्या आईला मात्र वेगळा वास आला होता. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा डबे भरता भरता म्हणाली, "बाय, तो मास्तर ह्येका काय सोडुचो नाय. फुकटचो बैल कोण सोडता?"

सावंत सरांच्या केबिनमध्ये गेला तेव्हा मी तिथेच नकाशे गुंडाळत होते. सर स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होते.

"अनुभव? कसला अनुभव?"

"शिकवण्याचा, सर. मी वर्ग घेतले, एवढं लिहून दिलंत तरी चालेल."

सरांनी पेला खाली ठेवला. रागावले नाहीत, अगदी प्रेमाने बोलले. प्रेमाने बोलायला लागले की मला त्यांची जास्त भीती वाटायची.

"सावंत, तू शिकत होतास. ते प्रशिक्षण होतं. वर्ग कुणाचा? वेळापत्रकात नाव कुणाचं?"

"तुमचं."

"मग? शिकवत मीच होतो. तोंड फक्त तुझं होतं."

मी हातातला नकाशा तसाच धरून उभी. माणूस एवढं उघड कसं बोलू शकतो? सावंत मात्र शांतपणे म्हणाला, "मग तोंड माझं होतं, एवढंच लिहून द्या ना, सर."

सर हसले. "विनोदी आहेस. अरे, तू शिकवलंस असं मी लिहिलं, तर लोक विचारतील, मी काय करत होतो? घाई कशाला करतोस? अजून एखादं वर्ष मुरू दे. लोणचं आणि प्राध्यापक, दोन्ही मुरलेलेच बरे." आंब्यावरून लोणच्यावर आले होते.

बाहेर आल्यावर मी सावंतवर भडकले. "तू गप्प कसा बसलास रे? सरळ प्राचार्यांकडे जा ना! सांग ना, सगळं मी शिकवलंय म्हणून!"

"आणि प्रबंधाच्या व्हायवाला समोर कोण बसणार? सरच ना?" तो म्हणाला. "तू पण त्यांच्याकडेच आहेस. विसरू नको गं."

मी विसरले नव्हते. म्हणून तर मीही गप्प बसले. तोंड वर करून कॅन्टीनमध्ये बोलायचं आणि केबिनमध्ये नकाशे गुंडाळायचे, ही आम्हा सगळ्यांची जात. बोरिवलीची मुलाखत पंधरवड्यावर आली होती आणि सावंतकडे दाखवायला एक कागदही नव्हता.

मध्ये आला शिक्षक दिन. त्या वर्षी नव्या प्राचार्या आल्या होत्या, मोठ्या उत्साही बाई. त्यांनी ठरवलं, मुलांनी मोबाइलवरून मत देऊन आपला आवडता शिक्षक निवडायचा. निकाल ऐकून मला फक्त फीट यायची बाकी राहिली. भूगोलाचे प्रा. टिपणीस! दुसरं कुणी आसपासही नव्हतं.

सभागृहात नाव पुकारलं तेव्हा मुलांनी बाकं बडवून छत डोक्यावर घेतलं. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या त्या स्टेजच्या कडेला. तिथे सावंत माइकची वायर सोडवत उभा होता. "सर! सर! सर!" पोरं ओरडत होती. सावंत पायाकडे बघत होता. आणि पहिल्या रांगेतून, नवा जोधपुरी कोट घातलेले आमचे सर उठले आणि पायऱ्या चढायला लागले.

टाळ्या विरत गेल्या. आणि त्या शांततेत मधल्या रांगेतून एका मुलीचा आवाज स्पष्ट आला, "अय्या, मागचे काका कशाला गेले?"

सरांनी ते ऐकलं. मी पुढेच बसले होते, त्यांचा कान लाल झालेला मला दिसला. मला वाटलं, आता तरी. आता माइक हातात आहे, सावंत चार हातांवर आहे, एक वाक्य बोलायचंय. सावंतनेही मान वर केली. सर बोलले. फळ्याबद्दल बोलले. वरून खाली पुसण्याबद्दल, खडू मोडण्याबद्दल, ज्ञान कुठे दिसतं आणि कुठे घडतं त्याबद्दल. मुलांना ते विनोदी भाषण वाटलं, ती खूप हसली. सर खाली उतरले ते पुरस्कार छातीशी धरूनच.

इथवर सगळं त्यांच्या मनासारखं झालं. पण त्या नव्या प्राचार्या माइकवर आल्या आणि म्हणाल्या, "मुलं ज्यांच्यावर एवढं प्रेम करतात, त्यांचं शिकवणं आम्ही सगळ्यांनी पाहायलाच हवं. सर, उद्या तुमच्या पहिल्या तासाला आम्ही सगळे येऊन बसू. चालेल ना?"

नाही कसं म्हणणार? सर हसले. ते हसू पाहून मला, खरं सांगते, आसुरी आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी वर्ग खच्चून भरलेला. मुलं दाटीवाटीने बसलेली, भिंतीला टेकून प्राध्यापक मंडळी. प्राचार्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. सरांच्या उशीवरच! आदल्या दिवशी सर ती तिथेच विसरले होते. सावंत आणि मी दारापाशी उभे राहिलो.

सर पुढच्या दाराने आत आले. त्या दाराने येताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी फळा पुसला. वरून खाली, एकेक पट्टा, काय सुंदर पुसला! खडू मोडला. वर उजवीकडे तारीख घातली. मध्ये लिहिलं, 'समोच्चरेषा'. अक्षर मोत्यासारखं. खाली एकात एक अशा पाच-सहा वळणदार रेघा काढल्या. मग वर्गाकडे वळले.

आणि काहीच नाही.

ओठ हलले. "समोच्चरेषा म्हणजे..." म्हणाले आणि थांबले. परत फळ्याकडे वळले, एक रेघ उगाच पुसून पुन्हा काढली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस आळशी नव्हता. हा माणूस वर्गाला घाबरत होता! पन्नास पोरांचे डोळे आपल्याकडे बघतायत, हे त्याला सोसत नव्हतं, म्हणून स्वतःचेच मिटून घेत होता. मला दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण एवढ्या भीतीपायी त्याने दुसऱ्याचं आयुष्य वापरलं होतं, त्यामुळे ती फार वेळ टिकली नाही.

सरांची नजर वर्गभर फिरली आणि दारावर येऊन थांबली. सुटल्यासारखे म्हणाले, "सावंत, ये. सुरू कर."

सगळा वर्ग वळला. मुलांचे चेहरे उजळले. सावंत जागचा हलला नाही.

"सर," तो म्हणाला, नेहमीच्याच मऊ आवाजात, "मला शिकवण्याचा अनुभव नाही."

मी दाराची चौकट घट्ट धरली. या मुलाचा व्हायवा अजून व्हायचा होता!

पुढच्या बाकावरची मुलगी न राहवून उभी राहिली. "असं काय करताय, टिपणीस सर? रोज तर तुम्हीच शिकवता!" आणि मागे वळून प्राचार्यांना म्हणाली, "मॅडम, खरंच हेच शिकवतात. आम्ही सगळ्यांनी मत यांनाच दिलं."

प्राचार्यांनी आधी सावंतकडे पाहिलं, मग सरांकडे. त्या बाईंना उलगडून सांगावं लागलं नाही. म्हणाल्या, "टिपणीस सर, यांना अनुभव आहे की नाही?"

सर खडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आहे."

"किती?"

"माझा म्हणून जेवढा लिहिलाय, तेवढा सगळा."

"तसं आज लिहून द्या. मी सही करते."

सरांनी मान हलवली, खडू टेबलावर ठेवला आणि चालत मागे गेले. सवयीने शेवटच्या बाकापर्यंत गेले. उशीवर प्राचार्या बसलेल्या. सर त्यांच्याशेजारी नुसत्या लाकडावर टेकले. सावंत फळ्यापाशी गेला, सरांनी काढलेल्या रेघांकडे क्षणभर बघितलं, आणि त्या न पुसता त्यांच्यावरच टेकडीतली घरं काढायला लागला. त्या तासाला सरांनी डोळे मिटले नाहीत.

सावंतला बोरिवलीची जागा मिळाली. व्हायवाही नीट पार पडला. बाहेरचे परीक्षक कडक होते, सरांनी तोंड उघडलं नाही, तेच खूप झालं. त्याच्या आईने मला डबा पाठवला. भाकरी, सुकटीची चटणी, आणि वर निरोप, "तुझ्या मास्तराक सांग, बैल सुटलो." तो निरोप मी पोचवला नाही. हिंमत झाली नाही, आणि माझा प्रबंध अजून त्यांच्याच टेबलावर होता.

प्राचार्यांनी हुकूम काढला, की ज्याचं नाव वेळापत्रकात, त्यानेच तास घ्यायचा, आणि पीएचडीच्या मुलांनी शिकवलं तर त्यांचं नाव छापायचं. आमच्या विभागात नवं वेळापत्रक लागलं. सरांच्या नावापुढचे तास तसेच राहिले. व्हॉट्सॲपवरचे सूर्योदय बंद झाले.

गेल्या महिन्यात मी त्या वर्गावरून जात होते. आतून गलका ऐकू येत होता. डोकावले. मुलं मोबाइलमध्ये, कुणी खिडकीत, कुणी डबा उघडून. शेवटच्या बाकावर कुणीच नाही, नुसती निळी उशी. आणि फळ्यापाशी टिपणीस सर, हातात डस्टर, वर्गाकडे पाठ करून. त्यांना चाहूल लागली. वळले. मला बघून चेहरा असा फुलला की विचारू नका. पुढच्या दाराशी येऊन हळूच म्हणाले, "साळवी! बरी सापडलीस. ये, ये आत. तुला अनुभव हवाय ना?"

मी विचारलं, "माझं नाव लागेल, सर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भरल्या वर्गाकडे पाहिलं. मग परत फिरले आणि फळा पुसायला लागले. वरून खाली, सरळ, एकेक पट्टा. फळ्यावर एक अक्षरही नव्हतं.